पासष्टची मस्टँग, पण बॉनेट आधीचं: बदलायचं की ठेवायचं?

एका वाचकाचा प्रश्न, थोडक्यात:

मूळचे नाशिकचे आणि गेली बारा वर्षं मिशिगनमध्ये राहणारे एक वाचक लिहितात की दोन वर्षांपूर्वी त्यांनी फोर्डची १९६५ ची मस्टँग हार्डटॉप विकत घेतली. एका शेतावरच्या कोठारात ती वीस वर्षं उभी होती. गाडीचा नंबर (चेसिसवर कारखान्याने ठोकलेला) ‘५एफ०७सी’ असा सुरू होतो. ड्रायव्हरच्या दारावरच्या पट्टीवर तारीख आहे ‘२१एच’. इंजिन २८९ घनइंची व्ही-८, अल्टरनेटरवालं. म्हणजे सगळं पासष्टचं. पण बॉनेटच्या पुढच्या कडा आधीच्या गाड्यांसारख्या आहेत, ज्यांना तिकडे ‘साडेचौसष्ट’ म्हणतात. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाला ते गाडीशी अडकवून ठेवणारी तार नाही. हॉर्न रेडिएटरच्या मागे आहेत. डेंटिंग करणारा सांगतो, कधीतरी अपघात होऊन जुन्या गाडीचं बॉनेट लागलंय. नवं रिप्रॉडक्शन बॉनेट (मूळच्या नमुन्यावर हल्ली बनवलेलं) मागवा, झाकण आणि हॉर्न बदला, गाडी ‘करेक्ट’ होईल. क्लबातला मित्र उलटंच सुचवतो: डायनॅमो बसवा, ‘साडेचौसष्ट’ म्हणून दाखवा, भाव जास्त येईल. वडील नाशिकच्या एका कारखान्यात तीस वर्षं असेंब्ली लाइनवर होते, ते व्हिडिओ कॉलवर एवढंच म्हणाले, “अरे, जुना माल संपवला असेल त्यांनी.” वाचकांचा प्रश्न असा की यातल्या कुणाचं ऐकायचं, आणि एकाच वर्षाच्या गाडीत कुठला पार्ट कधी बदलला हे ओळखायचं कसं?

उत्तर:

नमस्कार,

बॉनेटला अजून ग्राइंडर लावला नसेल तर लावू नका, आणि सँडब्लास्टिंगलाही पाठवू नका. बाकीचं सावकाश बोलू.

तुमच्या पत्रात ‘करेक्ट’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. डेंटर म्हणतो करेक्ट करू, मित्र म्हणतो साडेचौसष्टला करेक्ट करू, तुम्ही विचारता करेक्ट काय. या सगळ्यामागे एक गृहीत आहे: १९६५ च्या मस्टँगचं एक ठरलेलं रूप आहे, ते कुठल्या तरी पुस्तकात छापलेलं आहे, आणि त्याच्याशी जे जुळत नाही ते नंतर कुणीतरी लावलेलं. मला हे गृहीतच मान्य नाही. मी चिंचवडला एका वाहन कारखान्याच्या स्टोअर्समध्ये बावीस वर्षं काढली आहेत. तुमच्या वडिलांचं ते एक वाक्य वाचून मला वाटलं, या माणसाशी आपली ओळख असायला हवी होती.

आधी तुमच्या गाडीच्या जन्मवेळेविषयी. मस्टँगचं उत्पादन ९ मार्च १९६४ ला डिअरबॉर्नच्या कारखान्यात सुरू झालं आणि १७ एप्रिलला न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात गाडी लोकांसमोर आली. अमेरिकन कंपन्यांचं मॉडेलचं वर्ष साधारण ऑगस्ट-सप्टेंबरला बदलतं. ही गाडी मधेच आली, म्हणून फोर्डने तिला पहिल्या दिवसापासून १९६५ चीच धरली. ‘साडेचौसष्ट’ हे नाव लोकांनी दिलेलं, फोर्डच्या कागदावर ते नाही. मार्च ते जुलै १९६४ मध्ये बनलेल्या साधारण १ लाख २१ हजार गाड्यांचा नंबरही ५ नेच सुरू होतो. मग ऑगस्टमध्ये इतर मॉडेल्सबरोबर मस्टँगमध्येही बदल झाले. डायनॅमो गेला, अल्टरनेटर आला. १७० चं सहा सिलिंडरचं इंजिन जाऊन २०० चं आलं. २६० ची व्ही-८ जाऊन दोन बॅरल कार्ब्युरेटरची २८९ आली, तिची खूण ‘सी’. चार बॅरलवाल्या २८९ ची खूण ‘डी’ ची ‘ए’ झाली, ताकद २१० वरून २२५ अश्वशक्ती.

आता तुमची पट्टी वाचू. एफ म्हणजे डिअरबॉर्न, ०७ म्हणजे हार्डटॉप, सी म्हणजे दोन बॅरलची २८९. दारावरच्या तारखेत आकडा दिवसाचा आणि अक्षर महिन्याचं: ए जानेवारी, बी फेब्रुवारी, असं पुढे, आय हे अक्षर एक या आकड्यासारखं दिसेल या भीतीने गाळलेलं. एच म्हणजे ऑगस्ट. तुमची गाडी २१ ऑगस्ट १९६४ ची. नवीन मॉडेल लाइनवर आलं आणि तुमची गाडी त्या पहिल्या काही दिवसांतली आहे! ही तारीख हाताशी असताना तुमच्या डेंटरने वर्षभराचा ठोकताळा लावला, तिथेच त्याची गफलत झाली. १९६५ ची मस्टँग म्हणजे सतरा-अठरा महिन्यांचं उत्पादन. त्यात तुम्हाला वर्ष उपयोगाचं नाही, दिवस उपयोगाचा आहे.

कारखान्यात बदल कसा होतो ते सांगतो, कारण पुस्तकं वाचणारे बरेच जण इथे फसतात. डिझाइनवाले एक ईसीएन, म्हणजे पार्ट बदलल्याची लेखी सूचना, काढतात: अमुक ब्रॅकेट बंद, त्याजागी तमुक. खाली ‘कट-ऑफ’ म्हणून तारीख किंवा चेसिस नंबर. पुस्तकात तीच तारीख छापली जाते. पण त्या दिवशी सकाळी स्टोअर्सच्या रॅकमध्ये जुनी ब्रॅकेटं असतातच. आमच्याकडे एकदा सायलेन्सरच्या एका हँगरबाबत असंच झालं. बदल लागू झाला तेव्हा बिनमध्ये तीन-चारशे जुने नग होते. सुपरवायझर म्हणाला, गाडीला काही फरक पडत नाही, हे आधी संपवा. ते संपले, नवे सुरू झाले. दोन आठवड्यांनी मागच्या रॅकवर, ताडपत्रीखाली, आणखी एक खोका सापडला. तोही लाइनवर गेला. म्हणजे चेसिस नंबर लावले तर जुना, नवा, मग पुन्हा जुना, मग नवा असा क्रम पडला. पन्नास वर्षांनी त्यातली एखादी गाडी कुणी उघडली, तर म्हणेल हा हँगर चुकीचा. तो चुकीचा नाही. मी स्वतःच्या हाताने त्याची मटेरियल स्लिप फाडली आहे.

डिअरबॉर्नला १९६४ मध्ये याहून निराळं काही होत असेल असं मला वाटत नाही, उलट घाई जास्त असणार. मागणी इतकी होती की जुलैमध्ये कॅलिफोर्नियात सॅन होजेला आणि पुढच्या फेब्रुवारीत न्यू जर्सीत मेटुचेनला मस्टँग बनायला लागली. तीन कारखाने म्हणजे तीन स्टोअर्स, तीन रॅक. एकाच आठवड्यातल्या डिअरबॉर्नच्या आणि सॅन होजेच्या गाडीत एखादा पार्ट वेगळा असला तर दोन्ही खऱ्या असू शकतात.

पण म्हणून ‘जुना माल संपवला असेल’ हे सगळ्याला लावायचं नाही. तुमच्या वडिलांनाही हे ठाऊक असणार. काही बदल सुटे असतात, काही जोडीने होतात. टाकीचं झाकण सुटा बदल. तार असो वा नसो, दुसऱ्या कुठल्याही पार्टला त्याची खबर नसते. असे पार्ट पुढेमागे खुशाल सरकतात. डायनॅमोचा अल्टरनेटर हा मात्र जोडीचा बदल: ब्रॅकेट, रेग्युलेटर, वायरिंग आणि डॅशबोर्डवरचा दिवासुद्धा त्याच्याबरोबर बदलला. जुन्यात ‘जीईएन’ (जनरेटर), नव्यात ‘एएलटी’ (अल्टरनेटर). अशा बदलात अर्धं जुनं अर्धं नवं कारखान्यातून बाहेर पडायला फार कमी वाव असतो. तुमच्या गाडीत अल्टरनेटर आहे आणि दिवा ‘एएलटी’ चा असेल तर पोटातलं सगळं एकमेकांना धरून आहे. दिवा ‘जीईएन’ चा निघाला तर मात्र मलाही शंका येईल की मधे कुणीतरी डॅशबोर्ड किंवा वायरिंग बदललंय. आज संध्याकाळी चावी फिरवून एवढं एक बघा.

हीच कसोटी तुमच्या तीन संशयित पार्टांना लावू. तिघांचा निकाल वेगवेगळा लागेल.

बॉनेट जोडीचा पार्ट आहे, आणि त्याची जोडी तुम्ही पत्रात लिहिलेलीच नाही. आधीच्या बॉनेटचे पुढचे दोन कोपरे तिरके उतरवल्यासारखे असतात. नंतरच्यात तीच कड आत मुडपलेली, गोलसर. पण बॉनेट जिथे हेडलाइटच्या घराला भिडतं, तिथे त्या घराची कडही तशीच उतरती केलेली होती. बॉनेट बदललं तसं ते घरही बदललं. म्हणून बॉनेट मिटवून कोपऱ्यावर गुडघे टेकून बसा आणि दोन्ही बाजूंची फट बघा. बॉनेट जुनं आणि हेडलाइटची घरं नवी असतील तर कोपऱ्यात एक छोटी त्रिकोणी फट दिसेल. तशी दिसली तर तुमचा डेंटर बहुधा बरोबर, बॉनेट दुसरीकडून आलंय. दोन्ही घरं जुन्या पद्धतीची असतील आणि फट सरळ जात असेल तर अपघाताची गोष्ट लंगडी पडते. कोपऱ्यावर अपघात झालेल्या गाडीला जुळणारं बॉनेट आणि दोन्ही बाजूंची जुळणारी घरं, सगळीच आधीची, कुणी शोधून लावली असं मानावं लागेल. अशक्य नाही, पण त्याला वेगळा पुरावा लागेल.

तो पुरावा बॉनेटच्या पोटात असतो. फोर्डच्या मूळ पत्र्यावर दाबताना एक लहानसा कोड उमटवलेला असतो, त्यात महिना-दिवस येतो. रंगाच्या थराखाली तो पुसट होतो. बॉनेट काढून पालथं घाला, टॉर्च बाजूला धरून उजेड आडवा पाडा, आतल्या चौकटीच्या आसपास शोधा. तो कोड जुलै-ऑगस्टचा निघाला तर तुमच्या २१ ऑगस्टशी छान बसतो. एप्रिलचा निघाला तर तो पत्रा चार महिने पडून राहिला असं म्हणावं लागेल. बॉनेटसारखा जागा खाणारा पार्ट इतका काळ कुणी साठवत नाही. ऑक्टोबरचा निघाला तर विषयच संपला.

या शेवटच्या मुद्द्यावर जरा थांबतो, कारण सगळ्या तारखा वाचण्याचं सूत्र यातच आहे. पार्टची तारीख गाडीच्या तारखेनंतरची असेल तर तो पार्ट गाडीबरोबर जन्मलेला असूच शकत नाही. इथे मतभेदाला जागा नाही. पार्टची तारीख आधीची असेल तर प्रश्न उरतो, किती आधीची? ओतीव लोखंडाला काही दिवस ते काही आठवडे हा सर्वसाधारण अवधी. तेवढं अंतर दिसलं की माझा जीव भांड्यात पडतो. दारावरची तारीखही घड्याळासारखी धरू नका, प्रत्यक्ष गाडी दोन-चार दिवस पुढेमागे बनू शकते. आणि गाडीचे नंबर क्रमाने दिले गेले तरी गाड्या त्याच क्रमाने लाइनवरून उतरत नसत, त्यामुळे ‘माझ्यापेक्षा दोनशेने पुढच्या नंबरात नवं बॉनेट आहे’ हा युक्तिवाद फार ताणू नका.

हॉर्न. साडेचौसष्टच्या गाड्यांत ते रेडिएटरच्या मागे चेसिसच्या कमानीवर असत, नंतर पुढे गेले. हॉर्नची जागा बदलली की वायरिंगची ती फांदीही बदलते, म्हणून हा मला सुटा बदल वाटत नाही. तुमच्याकडे वायरिंगवरची मूळ टेप शाबूत असेल तर हॉर्नच्या वायरा टेपमधून नेमक्या कुठे बाहेर पडतात ते बघा. मागे पडत असतील तर कारखान्याने तिथेच हॉर्न बसवण्याच्या हिशेबाने ती फांदी काढलेली आहे. पुढे पडून मग कुणीतरी जोड देऊन मागे नेल्या असतील तर हॉर्न नंतर हलवले. पुढच्या पट्टीवर हॉर्नची भोकं आहेत का, त्यांच्या कडेला बोल्ट आवळल्याचा गोल ठसा आहे का, हेही बघा. वापरलेल्या भोकाभोवती रंग चिरडलेला असतो, कोऱ्या भोकाभोवती रंग आत वाहून गेलेला असतो. बोटाने कळतं.

टाकीच्या झाकणावरून काहीही ठरवू नका. साठ वर्षांत सगळ्यात जास्त हरवणारा आणि चोरीला जाणारा पार्ट तो. तारेचं कल्पकतेने काही करायची गरज नाही. फक्त मागच्या पॅनेलच्या आत तार अडकवायची सोय होती का ते बघून टिपून ठेवा.

आता इंजिन, कारण पुढे कधी गाडी विकायची वेळ आली तर ‘नंबर मॅचिंग आहे का’, म्हणजे इंजिनावर गाडीचाच नंबर आहे का, असं प्रत्येक जण विचारणार. तुमच्या गाडीत या प्रश्नाला अर्थच मर्यादित आहे. १९६५ मध्ये साध्या व्ही-८ वर फोर्ड गाडीचा नंबर ठोकत नसे; तो २७१ अश्वशक्तीच्या ‘के’ इंजिनावर ठोकत. बाकीच्यांवर तो १९६८ पासून आला. म्हणून तुमच्या इंजिनाच्या ब्लॉकची ‘जुळणी’ म्हणजे फक्त तारखेची जुळणी. स्टार्टर काढा, मागे ब्लॉकवर नंबर आणि तारीख ओतलेली दिसेल. तारीख अशी असते: ‘४जी२२’. चार म्हणजे १९६४, जी म्हणजे जुलै, बावीस तारीख. तसं काही सापडलं तर आनंद करा.

ब्लॉकच्या नंबरात ‘सी५एई’ असं दिसलं तर गोंधळू नका. सी म्हणजे साठचं दशक, पाच म्हणजे १९६५ साठी केलेलं डिझाइन, ए म्हणजे ते मूळ मोठ्या फोर्ड गाडीसाठी आखलं होतं, ई म्हणजे इंजिन विभाग. मस्टँगचं स्वतःचं अक्षर झेड. पण मस्टँग फाल्कनच्या अंगावर उभी राहिलेली गाडी, तिच्यात फाल्कनचं डी आणि फेअरलेनचं ओ पदोपदी सापडतं. लोक तेवढ्यावरून पार्ट फेकून देतात, त्याचं फार वाईट वाटतं. या नंबरातून डिझाइनचं वर्ष कळतं, पार्ट कधी ओतला ते कळत नाही. ते फक्त तारखेतून कळतं. शेवटचं अक्षर, ए, बी, सी, हे मात्र नीट टिपा; मधल्या काळातल्या सुधारणा तिथे दिसतात. आणि डब्यावरचा सर्व्हिस नंबर आणि पार्टवरचा नंबर हे दोन वेगळे असतात, त्यांची गल्लत करू नका.

गिअरबॉक्सचंही बघून घ्या. त्याच ऑगस्टच्या सुमारास या इंजिनाची बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं घर) पाच बोल्टांवरून सहा बोल्टांवर गेली. हा अगदी घट्ट जोडीचा बदल, पाचाला सहा बसतच नाही. तुमच्या गाडीला सहा असायला हवेत. पाच निघाले तर लगेच कुणाला दोष देऊ नका, आधी ब्लॉकची तारीख वाचा. पण गिअरबॉक्सचा कुठलाही सुटा भाग ऑनलाइन मागवण्याआधी बोल्ट मोजा. ‘१९६५ मस्टँग २८९’ एवढं लिहून मागवलेला माल परत पाठवायची वेळ अनेकांवर आली आहे.

याच कारणाने मी कॅटलॉगवरही आंधळा विश्वास ठेवत नाही. फोर्डच्या जुन्या पार्ट कॅटलॉगात ‘अमुक तारखेपूर्वी’ आणि ‘अमुक तारखेपासून’ अशा ओळी असतात, त्या सोन्यासारख्या आहेत, जरूर वाचा. पण कॅटलॉग दुरुस्तीसाठी लिहिलेला असतो. जुना पार्ट संपला की त्याच्याऐवजी नवाच चालतो म्हणून नंबर एकत्र केला जातो आणि पुढच्या आवृत्तीत जुन्याचा मागमूस राहत नाही. १९६६ मध्ये एखाद्याने डीलरकडून साडेचौसष्टच्या गाडीसाठी पार्ट घेतला, तर त्याला नवा मिळाला असणार, आणि तो खरा फोर्डचाच असणार. मूळ कंपनीचा पार्ट म्हणजे मूळ गाडीचा पार्ट नव्हे. छापील फोटोंचंही तसंच. प्रदर्शनातल्या सजवलेल्या गाड्या एकमेकींकडे बघून सजवलेल्या असतात. एकाने चुकीचं लावलं की दहा जण तेच लावतात. मला वीस वर्षं पडून राहिलेली, कुणी हात न लावलेली, गंजकी गाडी जास्त खरी वाटते. तुमच्या दारात नेमकी तीच उभी आहे.

आता मित्राचा सल्ला. डायनॅमो बसवून साडेचौसष्ट म्हणून दाखवणं. हे करू नका, आणि मनातूनही काढून टाका. नंबरातलं ‘सी’ अक्षरच सांगतं की गाडी ऑगस्टमधल्या बदलानंतरची आहे, साडेचौसष्टमध्ये सी नव्हतंच. जाणकार ते दहा सेकंदांत वाचेल. जो वाचू शकणार नाही तो तुमच्यावर विश्वास ठेवून जास्त पैसे देईल, आणि ते पैसे घेऊन तुम्हाला झोप लागणार नाही. पत्रावरून तुमचा स्वभाव मला तेवढा कळला आहे.

डेंटरचा पर्याय अप्रामाणिक नाही. पासष्टची गाडी पासष्टच्या सर्वसाधारण रूपात आणणं यात गैर काही नाही, आणि तुम्हाला ती फक्त चालवायची असती तर मी म्हटलं असतं, करा, बॉनेट मजबूत तर हवंच. पण त्यात एक गोष्ट परत न येणारी आहे. रिप्रॉडक्शन बॉनेटवर तो तारखेचा कोड नसतो. मूळ बॉनेट भंगारात गेलं की तुमच्या गाडीचा ऑगस्टमधला तो आठवडा कायमचा गेला. मस्टँग क्लब ऑफ अमेरिकाच्या स्पर्धेत उतरायचा विचार असेल तर परीक्षकांना तारखांचे फोटो आणि टिपणं आधीच दाखवा. नुसतं ‘माझी तशीच होती’ म्हणून चालत नाही, कागद असेल तर बोलणं होतं. तरीही गुण कापले गेले तर? मी कापून घेईन. ते तुमच्यावर आहे.

एक अडचण खरी आहे. तुमच्या गाडीचा कारखान्याचा कागद मागवता येईल असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर ते लागू नाही. मार्टी रिपोर्ट फोर्डच्या नोंदींवरून निघतो, पण तो १९६७ पासूनच्या गाड्यांचा. तुमची पासष्टची. म्हणजे तुमच्या गाडीचा एकमेव कागद गाडीच आहे. रंगाचे थर, टेप, खडूच्या खुणा, तपासनिसाने बोल्टवर फासलेला रंगाचा ठिपका, सगळं धरून.

म्हणून काम सुरू करण्याआधी दोन शनिवार-रविवार फक्त वाचायला द्या. प्रत्येक पार्ट काढण्यापूर्वी जागेवरचा फोटो, काढल्यावर मागचा फोटो, मग पिशवीत घालून तारखेसह चिठ्ठी. ग्रीस रॉकेलने पुसा, वायर ब्रशने नको. ब्रशने खडूची खूण एका फटक्यात जाते. लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) लावलेली जागा चुंबकाने शोधा. हेडलाइटच्या घरांचा कोपरा आणि पुढची मडगार्डं दोन्हीही लांबीविना निघाली तर अपघाताची गोष्ट आणखी अशक्त होते. काचांवर कार्लाइटची (फोर्डच्या काचांचं नाव) खूण आणि तारखेचा कोड असतो, त्या सगळ्या काचांवर सारख्याच काळातल्या आहेत का ते बघा. एकच काच वेगळी निघाली तर त्या बाजूला काहीतरी झालं होतं.

हा प्रश्न तुमच्या एकट्याचा नाही. शेव्हर्ले, पाँटिअ‍ॅक, डॉजवाल्यांचीही पत्रं येत असतात, त्यांच्यासाठी थोडंसं. जनरल मोटर्सच्या ओतीव पार्टांवर महिन्याचं अक्षर आधी, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा: ‘सी१४९’ म्हणजे १४ मार्च १९६९. त्यांच्यात आय अक्षर गाळलेलं नाही, तो सप्टेंबर. फोर्डची सवय तिकडे लावू नका. १९६९ च्या कॅमॅरोत बॉडीच्या पट्टीवर ‘०४सी’ म्हणजे एप्रिलचा तिसरा आठवडा. नॉरवुडच्या कारखान्याने डिसेंबर १९६८ च्या सुमारास त्या पट्टीवर एक्सने सुरू होणारा कोड द्यायला सुरुवात केली. त्याआधीच्या गाडीवर तो नसणं स्वाभाविक, व्हॅन नाइसच्या, म्हणजे दुसऱ्या कारखान्याच्या, गाडीवर कधीच नसतो. नसलेल्या कोडवरून गाडी खोटी ठरवलेली मी पाहिली आहे. पाँटिअ‍ॅकवाल्यांना जुन्या बिलांची प्रत मागवता येते, त्यांनी आधी ती मागवावी. क्रायसलर घराण्यातल्या गाडीत सीटच्या स्प्रिंगांमध्ये दाबून बसवलेला जुना कागद सापडतो का ते सीट फाडण्यापूर्वी बघा. लाइनवरच्या कामगारासाठी छापलेली ती यादी असते.

आता तुमच्यापुरतं. क्रम असा ठेवा: आज डॅशबोर्डचा दिवा, मग बॉनेट मिटवून हेडलाइटचे दोन्ही कोपरे, मग बॉनेट पालथं घालून तो कोड, मग हॉर्नची वायर, सगळ्यात शेवटी स्टार्टर. पहिल्या तीनमध्येच बॉनेटचा निकाल लागेल. जुळलं तर डेंटरला सांगा, हेच बॉनेट सरळ करायचं, आतल्या बाजूला रंगापूर्वी हात लावायचा नाही, कोडच्या जागेवर टेप चिकटवून ठेवायची. नाही जुळलं तर रिप्रॉडक्शन घ्या, पण हे जुनं माळ्यावर ठेवून द्या. पुढे कुणा साडेचौसष्टवाल्याला ते लागेल.

त्या कोडचे फोटो नाशिकलाही पाठवा. कॅटलॉगात नसलेली एखादी गोष्ट वडिलांच्या नजरेला दिसेल, आणि तीस वर्षं लाइनवर काढलेल्या माणसाला कुणी असं विचारावं याचं त्यांना फार बरं वाटेल.